शेवटचा बाक

चर्चमध्ये देवाजी मास्तर प्रभुभोजनाचं ताट घेऊन पहिल्या बाकापाशी आले, तशा इंदुताई उठल्या आणि मधल्या वाटेनं मागं चालू लागल्या.

बाईला चक्कर आली असावी, असंच मंडळीला वाटलं. नवरा जाऊन महिनाच झाला होता. त्या महिनाभरात इंदुताईंना धड रडूही आलं नव्हतं. लोक भेटून जात, त्या चहा करत, कपबशा विसळत. आज पाळकसाहेब पौलाच्या पत्रावर बोलले. ख्रिस्तानं तुम्हाला मोकळं केलंय, पुन्हा जोखडात मान घालू नका म्हणाले. तेही या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं.

पण ताट दुसऱ्याच्या हातात दिसलं आणि त्या उठल्या. सात वर्षं ते त्यांच्या नवऱ्याच्या, वसंतरावांच्या हातात असायचं. सात वर्षांपूर्वी लेकीनं, प्रेमलतानं, उमरेडच्या हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा बापानंच मंडळीच्या सभेत तिला प्रभुभोजनातून बंद करवलं. बंद केलेल्यांनी शेवटच्या बाकावर बसायचं, ताट तिथं जायचं नाही. पोर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एसटीनं यायची, मागं बसायची, निघून जायची. इंदुताई पहिल्या बाकावर भाकरीचा तुकडा तोंडात टाकायच्या. मान कधी वळवली नाही.

त्या लेकीशेजारी टेकल्या. मास्तर ताट घेऊन लगबगीनं मागं आले.

"ताई, तुमची जागा समोर हाये. घ्या, इथंच घ्या."

"या बाकाले देत नाही ना तुम्ही?"

"तुमची गोष्ट अलग हाये, ताई."

"जा गा मास्तर. लोक थांबून राहिले."

मास्तर घुटमळले, मग ताट घेऊन परत गेले. समोरच्या माना वळल्या होत्या, त्या एकेक करून सरळ झाल्या. इंदुताईंना ना लाज वाटली, ना बरं वाटलं.

प्रेमलता समोरच बघत होती.

"बाबा येऊ देत नव्हते काय वं तुले, मागं?"

हो म्हणणं सोपं होतं. मेलेला माणूस खोटं पाडायला येणार नव्हता. इंदुताईंनी सात वर्षं मनातल्या मनात चाचपून पाहिली. वसंतराव घरात या विषयावर एक शब्दही बोलले नव्हते. इंदुताईंनीही कधी विचारलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यायनं मले कधीच नाही अडवलं."