धनुबाईचा मंतर

शहाद्याला अजून मोटार आली नव्हती, तेव्हाची ही जवळच्या कळसाडी गावची गोष्ट. पारडू मेल्यावर अडून बसलेल्या म्हशीच्या कानाशी धनुबाई काहीतरी पुटपुटायची, आणि म्हैस पान्हा सोडायची. बाकीचं गावानं जोडलं. म्हणे प्रकाशाच्या तीर्थावर ग्रहणात, कमरेएवढ्या तापीत उभं राहून तिनं मंतर मिळवलाय. म्हणे ग्रहणाशिवाय दुसऱ्याला दिला की त्याची शक्ती जाते. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार?

सून छबूबाईला त्या मंतराचं कौतुक नव्हतं, गरज होती. बाळंतपणातल्या तापानं तिचं अंगावरचं दूध आटलं होतं. तान्ही लेक, अजून बारसंही व्हायचं होतं, घरच्या म्हशीवर जगत होती. त्या म्हशीचं पारडू दगावलेलं. सासूशिवाय ती कुणाला सडाला हात लावू देत नसे. आणि आता सासूच तापानं खाटेवर पडलेली. कालपासून चरवी रिकामी. पोर पेजेचं पाणी थुंकून टाकी. छबूबाईच्या नवऱ्यानं, सुपडूनं, सरकी चारली, पाठ खाजवली, शेवटी पायही बांधून पाहिले. म्हैस कसली ऐकते!

सकाळी छबूबाई सासूच्या खाटेपाशी बसली. ग्रहण येईल तेव्हा येईल, तोवर माझी पोर जगायची नाही, आजच मंतर द्या, असं रडत रडत म्हणाली.

"मंतर नही शे, माय," सासू म्हणाली. "आत्माराम, सोनजी, रुखमा. मन्हा पोरे शेतस. तिन्हं पारडू गयं, मन्हा बी गयात. दुसरं काय सांगू तिले?"

छबूबाईनं ही नावं कधी ऐकली नव्हती. हौसेनं ठेवलेली नावं, आणि एकामागून एक गेलेली पोरं. म्हणून तर पुढच्याला जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, परत उचलला आणि सुपडू म्हटलं. टाकाऊ समजून मरणानं त्याच्याकडे बघू नये, म्हणून. गेलेल्यांची नावं घरात घ्यायचीच नाहीत, नाहीतर मरणाला या दाराची आठवण होईल. तेव्हापासून बाई आपल्या पोरांना फक्त जनावराच्या कानात बोलावत आली होती. काय म्हणावं या जिवाला!

छबूबाई गोठ्यात गेली आणि म्हशीच्या कानाशी भीत भीत ती नावं कुजबुजली. म्हशीनं लाथ झाडली. एकीकडे नवऱ्याचा जीव, एकीकडे लेकीचा. शेवटी तिनं डोळे मिटले आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांना जेवायला बोलवावं तशी मोठ्यानं हाक मारली. आत्मारामला, सोनजीला, रुखमाला. म्हशीनं मान वळवली. हाताखाली कास सैल झाली आणि चरवीत धार वाजली.

दारात सुपडू दोर घेऊन उभा होता. आपल्याआधी पोरं गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं; त्यात एक बहीण होती, हे नावावरून त्याला आज कळलं. त्याला काही झालं नाही. तो नुसता रडत होता.

चरवी घेऊन छबूबाई आत आली आणि थबकली. नावं मोठ्यानं घेतली म्हणून सासू रागावेल, असं तिला वाटलं. धनुबाईची उशी भिजली होती. तिनं सुनेचा हात धरला.

"रुखमाले आखो एकदाव हाक मार," ती म्हणाली. "ती हाक मी दुसऱ्याना तोंडे कधी ऐकी नही."

छबूबाईनं लेकीला मांडीवर घेतलं, दुधाचं बोंडलं तिच्या ओठांना लावलं, आणि तिच्याकडे बघत हाक मारली, "रुखमा!"