डावी बाही

टेलरमास्तरांच्या दंडावर शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा एक पांढरा बिल्ला चिकटवलेला असे. लोकांना वाटे, मास्तर आता बटणं अंगालाच लावायला लागले. बिल्ला साखर मोजायचा. मोजून आकडा मास्तरांच्या फोनला सांगायचा आणि तो फोन हाच आकडा दूर दुसऱ्या शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीच्या फोनला कळवायचा. एवढी चहाडी तर गल्लीतल्या बायकाही करत नव्हत्या, असं मास्तरांचं मत होतं.

बायको होती तोवर मास्तरांची साखर हे बायकोचं खातं होतं. ताटाशेजारी गोळी दिसली की गिळायची, याच्यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. ती गेली आणि साखरेला रान मोकळं मिळालं. आईच्या माघारी मुलगी पंधरा दिवस राहिली, गोळ्यांचे डबे लावून दिले, कपाटातली बिस्किटं जप्त केली आणि जाता जाता हा बिल्ला लावून गेली. साखर फार चढली की तिच्या फोनवर भोंगा वाजेल, अशी सोयही तिने करून ठेवली. मास्तर तिला मिरची म्हणत. का म्हणत, ते तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कोणालाही कळलं असतं.

मिरची एका मोठ्या हॉटेलात काउंटरवर होती. दिवसभर परक्या माणसांशी गोड बोलायचं, हीच नोकरी. संध्याकाळपर्यंत जिभेला इतका शीण यायचा की बापासाठी शब्द उरायचे नाहीत. 'जेवलात? गोळी घेतली?' असा मेसेज यायचा. मास्तर त्यावर अंगठा दाबायचे. स्वतः फोन केला तर, "बाबा, काउंटरवर आहे, नंतर करते." हे नंतर कधी उगवत नसे. पोरगी वाईट नव्हती हो, थकलेली होती. पण रिकाम्या घरात बसलेल्या माणसाला हा फरक कोण समजावणार?

पुढचं सगळं एका केकमुळे झालं. एका जुन्या गिऱ्हाइकाची पँट मास्तरांनी तिसऱ्यांदा कमरेत सैल करून दिली होती. त्या खुशीत तो केकचा डबा ठेवून गेला. मास्तरांनी एक तुकडा खाल्ला, मग पहिल्याला सोबत म्हणून दुसरा खाल्ला. थोड्या वेळाने फोन वाजला.

"बाबा, काय खाल्लंत?"

"काही नाही गं."

"काही नाही खाऊन दोनशे साठ होत नाही. चप्पल घाला. चालायला लागा. आकडा खाली येईपर्यंत मी फोन ठेवणार नाही."

मास्तरांनी शटर ओढलं आणि निघाले. शेजारची लाँड्री गेली, औषधाचं दुकान गेलं, बागेचं लोखंडी कुंपण सुरू झालं. मिरचीचीही नुकतीच सुट्टी झाली होती, तीही तिकडे हॉटेलातून बसच्या थांब्याकडे चालत होती. पहिल्यांदा तिने यथासांग खरडपट्टी काढली. मग राग संपला आणि आकडा तर अजून उतरला नव्हता, म्हणून ती इकडचं तिकडचं बोलायला लागली. एका पाहुण्याने उशी आवाज करते म्हणून तक्रार केली होती. नवे बूट चावत होते. खोलीतल्या मैत्रिणीचं लग्न ठरत होतं. बागेच्या टोकाला पोचता पोचता ती हसली. आईसारखंच, मध्ये श्वास अडकवून. मास्तर क्षणभर कुंपणाला धरून उभे राहिले.

घरी येऊन खुर्चीत बसले तेव्हा साखर उतरली होती आणि मास्तर चढले होते.

मग मास्तर भोंग्याची वाट पाहू लागले. आणि नेमका आकडा गुणी पोरासारखा वागायला लागला. डॉक्टर खूश झाले असते, पण मास्तरांचा जीव कशात लागेना. पोरीचा आवाज कानात घोळत राहायचा. बूट अजून चावतात का, त्या उशीचं पुढे काय झालं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. एका संध्याकाळी त्यांनी जॅमची बाटली आणली.

आता माणूस शिंपी म्हटल्यावर अंदाज त्याच्या हाताशीच. किती चमचे जॅम, वर किती फळांचा रस, आणि मिरचीची सुट्टी व्हायच्या आधी किती वेळ तो घ्यायचा, हे मास्तरांनी तीन-चार प्रयोगांत बसवलं. फोन यायचा, शिव्या मिळायच्या आणि मग बागेच्या कडेने ते चालणं. शिव्यासुद्धा त्यांना आवडायला लागल्या होत्या. हे असं रोज नव्हे, पण करमेनासं झालं की बाटली उघडायची.

लाँड्रीवाल्याच्या नजरेतून हे सुटलं नाही. एकदा तो इस्त्री तशीच ठेवून दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, हे चमच्याने काय चाललंय?"

"औषध घेतोय."

"त्या बाटलीवर स्ट्रॉबेरीचं चित्र आहे."

मग सांगावंच लागलं. लाँड्रीवाल्याने कपाळाला हात लावला. "अहो, वेडे का काय तुम्ही? एवढंच आहे तर तुम्ही करा की फोन."

"मी केला तर ती उचलते," मास्तर म्हणाले. "तिने केला तर ती बोलते."

लाँड्रीवाला परत जाऊन एका शर्टावर पाणी शिंपडत बसला.

मास्तरांचा एक हिशेब होता. कपडा शिवताना शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवायचं. उद्या माणूस सुटला, की उसवायचं आणि सैल करायचं. आजवर त्यांच्या हातचा कपडा मार्जिनशिवाय बाहेर पडला नव्हता. देवाने आपल्या शरीरातही असंच कुठेतरी दोन बोटं ठेवलं असेल, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. डॉक्टरांनी ते मानलं नाही. तीन महिन्यांची सरासरी चढली होती आणि डोळ्यांच्या तपासणीत पडद्याला इजा सुरू झाल्याचं दिसलं होतं.

"सध्या धूसर दिसतं ते साखर उतरली की बरंचसं निवळेल," डॉक्टर म्हणाले. "पण पडदा खराब झाला तर तो बदलून मिळत नाही. सुई ओवायची असेल तर साखर आवरा, मास्तर. मग माझ्याकडे येऊन रडू नका."

मास्तर मनातून हादरले. डोळे गेले तर त्यांच्याकडे होतं काय? त्यांनी कानाला खडा लावला आणि बाटली फळीवर मागे सारली. मग मिरचीचा मेसेज आला, या महिन्यात सुट्टी मिळत नाही, येणं पुढे ढकललं. मास्तरांनी तिच्यासाठी चादरसुद्धा बदलून ठेवली होती. त्या संध्याकाळी बाटली पुन्हा पुढे आली.

त्याच दिवसांत ते तिचा कोट शिवत होते. तिकडे थंडी फार, आणि तयार कोट तिला खांद्यात कधीच बसत नसत. गडद निळं लोकरी कापड होतं. ती आली की अंगावर बघून पुरा करू म्हणून ठेवलेला, आता पोस्टाने पाठवायचा होता. टेपवरचे आकडे त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखे दिसत होते. डोळे बारीक केले, टेप नाकाशी धरला, मग म्हणाले जाऊ दे, हाताला ठाऊक आहे सगळं, आणि कात्री चालवली. बाह्या जोडण्याआधी एकीवर एक ठेवून बघायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. तशा त्या ठेवायला घेतल्या आणि फोन वाजला. जॅमने काम केलं होतं. मास्तर बाह्या टेबलावर टाकून चालायला गेले. परत आले ते इतक्या आनंदात की मशीनवर बसून गुणगुणत दोन्ही बाह्या लावूनच उठले. बघायचं राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी कोट पोस्टात पडला.

कोट पोचला त्या दिवशी मास्तरांनी काही खाल्लं नव्हतं, तरी फोन आला. त्यांना इतका आनंद झाला की चष्मा शोधायच्या आधीच त्यांनी फोन उचलला.

"बाबा, कोट घातलाय."

"बसला का खांद्यात?"

"खांद्यात छान बसलाय." ती थांबली. "डावी बाही आखूड आहे. दोन बोटं."

"कापड आटलं असेल गं."

"एकाच बाहीचं?"

तिच्या आवाजात आज तिखटपणा नव्हता, त्याचीच मास्तरांना भीती वाटली.

"मी तुमचीच मुलगी आहे," ती म्हणाली. "घरातल्या पडद्याची किनारसुद्धा तुम्ही कधी वाकडी शिवली नाहीत. दिसत नाही का तुम्हाला, बाबा?"

"दिसतं. थोडं धूसर दिसतं."

"मी आत्ता फोनवर मागचे सगळे आकडे बघतेय. दुपारी चांगले. सकाळी चांगले. माझी सुट्टी व्हायची वेळ आली की चढतात. तुमची साखर माझी ड्युटी बघून वाढते का?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. पण मास्तरांना एकदम थकवा आला.

"तुझी फार आठवण येते गं," ते म्हणाले. "साखर चढली की तू माझ्याबरोबर चालतेस. नाहीतर मी कुणाबरोबर चालू?"

पलीकडून फोन बंद झाला. थोड्या वेळाने मेसेज आला, 'भोंगा बंद केला आहे.'

मास्तरांनी तो फोन लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला, चष्मा पुसून वाचला. मजकूर तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जॅमची बाटली लाँड्रीवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. "पोराबाळांना दे," म्हणाले. गोळ्या वेळेवर घ्यायला लागले. अंडं, भाजी, काकडी, मोजकं जेवण. जेवल्यावर बागेपर्यंत एकटेच जाऊन यायचे, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि घरी बसून तरी काय करायचं होतं? आकडा उतरला आणि उतरलेलाच राहिला. टेपवरच्या मुंग्या हळूहळू पुन्हा आकडे झाल्या. कौतुक करायला कोणी नव्हतं. संध्याकाळी मशीनसमोर बसून ते दाराकडे बघत राहायचे आणि फोन पालथा ठेवायचे, म्हणजे तो वाजत नाहीये हे सारखं दिसायला नको.

"करा की फोन," लाँड्रीवाला म्हणायचा.

"कोणत्या तोंडाने करू?" मास्तर विचारायचे आणि सुईत दोरा ओवायचे. दोरा आता पहिल्या झटक्यात जात होता.

अशाच एका संध्याकाळी, ते एका फ्रॉकची किनार दुमडत असताना, पालथा फोन टेबलावर थरथरला.

"बाबा, शटर ओढा. चप्पल घाला."

मास्तरांच्या हातून किनार सुटली. त्यांनी घाईघाईने आकडा बघितला, आणि खोटं बोलायचं नाही असं आता ठरलंच होतं. "अगं, एकशे तीस आहे. आज चालायची काही गरज नाही."

"तुम्हाला नसेल," मिरची म्हणाली. "मला आहे."

मास्तरांनी एका हाताने शटर ओढलं, ते अर्ध्यावर अडकलं, लाँड्रीवाला इस्त्री सोडून धावला आणि त्याने ते खाली घेतलं. मास्तर चालायला लागले. औषधाचं दुकान गेलं. पलीकडे तिच्या बुटांचा आवाज येत होता.

"खूप रागावले होते मी," ती म्हणाली. "मग रोज बसच्या थांब्यापर्यंत एकटी चालायला लागले, तेव्हा कळलं. दिवसभरात खरं असं मी तुमच्याबरोबर चालताना तेवढंच बोलत होते."

"बूट चावतात का अजून?"

"नाही. पण डाव्या मनगटाला गार लागतं."

"परत पाठव तो कोट. मला लाज वाटते."

"पाठवणार नाही. सुट्टी मिळाली की घालूनच येते." तिचा श्वास जरा अडकला, हसू होतं की दुसरं काही, ते मास्तरांना कळलं नाही. "बाहीच्या दुमडीत मार्जिन ठेवलंय ना?"

"ठेवलंय. दोन बोटं."

"मग उसवून द्या. पण त्याला डोळे लागतील, बाबा. तोवर सांभाळा ते."

"सांभाळतो," मास्तर म्हणाले, आणि बागेच्या कुंपणाशी वळले.