गाठीतला केस

देवणी तालुक्यातल्या त्या गावात सकाळपासून माणसांपेक्षा गुरंच जास्त जमली होती. लिंबाखाली गाठीबाबा बसला होता. तापानं मलूल झालेल्या गाईच्या खांद्यापुढची सुजलेली गाठ तो चोळायचा, डोळे फिरवायचा, "निघ, कुणी धाडलं तुला, निघ" असं पुटपुटायचा आणि चिमटीत काळ्या केसांचा गुंता वर धरायचा. करणी निघाली म्हणून माणसं हात जोडायची. पुढं आठवड्याभरात गाय चरायला लागायची, हेही खरं होतं. म्हणून तर एवढी गर्दी.

सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर पंचशीला मागं उभी राहून बघत होती. या उन्हाळ्यात आपण अशा किती झाडांखाली उभ्या राहिलो, हे मोजायचं तिनं सोडून दिलं होतं. आज ती शरणम्मासाठी आली होती. नवऱ्यामागं शरणम्माचं घर एका जर्शी गाईवर चालायचं. ती गाय तापली तेव्हा बाबानं हात लावला नाही. उलट गावातल्या करणीचं मूळ हिच्याच गोठ्यात आहे, असं सांगून मोकळा झाला. तेव्हापासून हापशावर बायका तिची घागर बाजूला सारत होत्या. काल तिच्या पत्र्यावर दगड पडले.

पंचशीलानं लोकांना विचारलं, बाबाच्या हातानं बरी झालेली गुरं कोणती? नावं आली, सगळी देवणी, म्हणजे इथल्याच गावरान जातीची. आणि गावात मेलेली? सगळी जर्शी. त्यातल्या एकीला तरी बाबानं हात लावला होता का?

"जर्शीत परदेशी रक्त हाय," बाबा म्हणाला. "माझा मंतर गावरानालाच लागतो."

गावातले जुने शेतकरी किशनराव सावकाश बोलले, जणू स्वतःशीच हिशेब करत होते. "आमची देवणी तर मी बाबाकडं आणलीच न्हाई. लेकीकडं नांदेडला गेलतो. तिला बी हाच ताप, हीच गाठ. तरी उठली की."

पंचशीला पुढं झाली. पुढच्या गाईची गाठ चोळण्याआधी साबणानं हात धुवा, एवढंच तिनं बाबाला सांगितलं. बाबा उठून चालू लागला, तसं किशनरावांनी त्याचं मनगट धरलं. अंगठ्याच्या बेचक्यात, कातडीच्याच रंगाच्या मेणात केसांची गोळी दाबलेली होती. गाईच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. मग केस निघाला कुठून, हे इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं.

बाबा गेला. पंचशीलाला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. खरं काम आता होतं. शरणम्माच्या ओट्यावर तिनं सूक्ष्मदर्शक मांडला आणि तिच्या आजारी जर्शीच्या गाठीतलं पाणी काचेवर घेऊन, रंगवून, एकेकाला दाखवलं. गोचीड चावतं तेव्हा एक परजीवी रक्तात शिरतो, तिनं सांगितलं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. हा चोर थेट शिपायाच्याच पोटात जाऊन बसतो आणि त्याला खोटा हुकूम देतो, वाढत राहा. शिपाई वाढतात, गाठ सुजते. ते शिपाई मग धोक्याचे इशारे देत सुटतात. जर्शीच्या अंगात त्या इशाऱ्यांचा इतका कल्लोळ होतो की त्यानंच शरीर खचतं. देवणीच्या अंगात तो बेतात राहतो. देवणीही कधीकधी दगावते, पण बहुतेक वेळा तरते. बाबा फक्त तरणारी गुरं निवडत होता.

तिनं इंजेक्शन दिलं, पण फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा गाय गोठ्यात आडवी पडली होती. दारात निम्मं गाव उभं होतं.

"माझ्या नजरंनं न्हाई ना मेली, डॉक्टर?" शरणम्मानं विचारलं.

"न्हाई, मावशी. गोचिडानं मेली. आणि उशिरानं."

उशीर कुणामुळं झाला, हे पंचशीला बोलली नाही. हापशावरच्या बायका खाली बघत होत्या. तिनं बॅग उचलली आणि थकल्या आवाजात त्यांना म्हणाली, "गाईला ताप आला की गोचीड शोधा, मला फोन करा. बाई शोधू नका."