चिंधाबाबांची साक्ष

नवलमास्तरांनी वहीत 'भागाबाई, वय ब्याऐंशी' एवढं लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि आधी आपली मान चोळली. एरंडोलच्या आतल्या अंगाला असलेल्या या वाडीतल्या ख्रिस्ती मंडळीला यंदा पंच्याहत्तर वर्षं होत होती. त्याची पुस्तिका लिहायचं जू पाळकांनी मास्तरांच्या मानेवर ठेवलं होतं. "ऐकीव घेऊ नका, मास्तर. शुभवर्तमानंसुद्धा डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या तोंडून आली आहेत," असं बजावून ते मोकळे झाले होते. आणि इथलं डोळ्यांनी पाहिलेलं माणूस उरलं होतं एकच, ही भागाबाई.

तीन महिने हिंडून मास्तर पार शिणले होते. जिथं जावं तिथं चहा आणि तीच गोष्ट, त्यांच्या वडिलांची, चिंधाबाबांची. आठवडे बाजारात लोकांनी बाबांना घेरलं, येशूला सोड म्हणून काठ्या घातल्या, पण बाबा "मी त्याचाच" यापलीकडे शब्द बोलले नाहीत. दर नाताळला भागाबाई उभी राहून ही साक्ष द्यायची आणि बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मास्तर मात्र जमिनीकडे बघत बसायचे. चाळीस वर्षांपूर्वी शिक्षकाच्या नोकरीसाठी जातीचा दाखला लागत होता आणि ख्रिस्ती लिहिलं तर तो मिळत नव्हता, तेव्हा धर्माच्या रकान्यात त्यांनी घराण्याचा जुनाच धर्म लिहिला होता. अशा बापाच्या पोटी असा दिवटा! ही लाज त्यांनी आजवर कुणापाशी बोलून दाखवली नव्हती, बाबांपाशी तर नाहीच.

"अक्का, एवढंच शेवटचं. बाबांना मारलं तेव्हा तुम्ही बाजारात कुठं उभ्या होत्या?"

ज्वारी निवडणारा भागाबाईचा हात थांबला.

"मी नव्हतू तठे."

"नव्हत्या?"

"ताप व्हता माले. घरमाच व्हतू."

"मग पाहिलं कुणी?"

"आपलं कोनीच नही. बठ्ठा पळी गयथात. मार खायेल अंग आम्ही देखं. बाकीनं आम्हीच जोडं."

सगळे पळून गेलेले, आणि साक्ष मागाहून जोडलेली! मास्तरांना हसावं की रडावं कळेना. तीन महिन्यांची पायपीट गेली पाण्यात.

"म्हणजे खरं काय ते बाबांनाच ठाऊक."

"त्यानीच माले सांगं ना," भागाबाई म्हणाली. "पहिली काठी पडनी आनि तो म्हने, 'मी नही त्यास्ना. येशूले मी वळखत बी नही.' तरी मारंच त्याले."

"काहीतरीच काय! असं कुणी स्वतःच्या तोंडानं सांगतं का?"

"पेत्रनं नही सांगं? तो नही म्हने त्या टायमाले त्या आंगनमा आपलं दुसरं कोन व्हतं? त्यानी सांगं म्हनीसनच लिखाई गयं."

येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला, तो अध्याय मास्तरांनी वर्षानुवर्षं रविवारच्या शाळेत पोरांना शिकवला होता, आणि हे त्यांच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"बाबांनी कधी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुनी नोकरीनी ऑर्डर उनी, त्या हप्ताले. तुना कागद देखेल व्हता त्यानी. हठेच बसना आनि रडना. म्हने, 'पोरगं मान वर करत नही. माले तोंड नही त्याले सांगाले. तू सांगजो.'"

"अन् तुम्ही सांगितलं नाही!" मास्तरांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं, अक्का! बाबा गेले, माझे केस पिकले!"

"दर नाताळले ठरावू. उभी राहू, तं बठ्ठास्ना डोया मनाकडे. त्यास्ले तीच गोष्ट जोयजे. माले जमनं नही रे भाऊ."

म्हातारी पदरात तोंड घालून रडू लागली. मास्तरांना तिचा राग आला होता, तो धरून ठेवायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. ते सरकून तिच्याजवळ बसले. वही मिटून म्हणाले,

"रविवारी मंडळीपुढं उभं राहू. दोघंही."

भागाबाईनं तोंड पुसलं.

"पहिलं कोन बोलई?"

"मी," मास्तर म्हणाले. "माझ्या कागदाचं आधी होऊ द्या. मग बाबांचं सांगायला तुम्हाला जड जाणार नाही."