मला ‘ऑब्जेक्ट’ म्हणाला

मी ॲरे बोलतेय. दचकू नका, मीच जास्त घाबरलेय. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत एकामागे एक बसलेल्या नोंदींची रांग असते ना, ती मी.

मला घडवलं श्रावस्तीने. मूळची नागपूरची, राहते दिल्लीच्या मुनिरक्यात, नोकरी गुडगावात. एका दवाखान्यासाठी ती ॲप करत होती. ते नीट चाललं तरच नोकरी पक्की होणार होती. एकच पेशंट असला की त्याची माहिती ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नाव, वय असे खण असलेल्या डब्यात यायची, जास्त असले की रांगेत, म्हणजे माझ्यात. दोघांतलं कोण आलंय, ते आधी ओळखायला हवं.

शेजारी मानस बसायचा. दिल्लीतच वाढलेला, पण ऑफिसात तिच्याशी मराठी बोलणारा तो एकटाच.

“मानस, हे कसं तपासू रे?”

“typeof लाव ना यार. बिल्कुल सेफ. मी नेहमी तेच लावतो.”

आपला माणूस सांगतोय म्हटल्यावर तिने लावलं. मीही निर्धास्त. समोर आलेलं काय आहे ते पुकारणारा typeof माझ्याच घरातला, तो मला ओळखणार नाही?

डेमोला साहेब, जयदीपजी, समोर बसले. लीलाबाई, विनायक आणि देविका या तीन पेशंटना घेऊन मी दाराशी गेले. typeof ने मला पाहिलं न पाहिलं आणि पुकारलं, “ऑब्जेक्ट!” झालं! मला एकच पेशंट समजून माझं नाव विचारलं गेलं. रांगेला कुठलं नाव? पडद्यावर उमटलं, undefined, म्हणजे असं काही नाहीच.

“ये कौन हैं, मॅडम? अनडिफाइंड कुमार?” जयदीपजींनी विचारलं.

सगळे हसले. मानसही. वर म्हणाला, “तुम्हें चेक करना चाहिए था.” चक्क हिंदीत.

श्रावस्तीने कीबोर्ड पुढ्यात ओढला. typeof ची पारख करायला तिने तिथेच त्याच्यापुढे null ठेवला. null म्हणजे काहीच नाही. त्यालाही तो म्हणाला, “ऑब्जेक्ट!”

“अगं बाई!” ती पुटपुटली.

माझं काळीजच तुटलं. माझ्यात तीन माणसं, आणि मी अन् ते ‘काहीच नाही’ त्याला सारखंच?

मग तिने Array.isArray ला विचारलं. ते माझ्या माहेरचं, समोर ॲरे आहे की नाही एवढंच सांगणारं. लगेच उत्तर आलं, true, म्हणजे होय. तिने नियम बदलला. आधी isArray ला विचारायचं, मग null बाजूला काढायचा, typeof चं ‘ऑब्जेक्ट’ त्यानंतरच मानायचं. पडद्यावर तिघंही ओळीने उभे राहिले.

“चलो, नौकरी पक्की,” जयदीपजी म्हणाले.

बाहेर येताच मानस पुन्हा मराठीत आला. “चिडलीस का गं?”

“नाही रे. तू कोण, तेवढं कळलं.”

typeof अजून कामावर आहे. संख्या, अक्षरं बरोबर ओळखतो, म्हणून त्याला कुणी काढत नाही. मी मात्र त्याच्याशी बोलत नाही. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगते, मी कोण ते त्याला विचारू नका. मीही मुळात एक ऑब्जेक्टच, म्हणून माझ्याबाबतीत तो खोटं बोलत नाही हो, अर्धंच सांगतो. आणि आपलंच माणूस अर्धं सांगतं, तेव्हा संशयसुद्धा येत नाही.