तिघांचाही पहिला नंबर

आमच्या कारखान्याचे मालक तीन भावंडं, आणि दर सोमवारी तिघांचाही पहिला नंबर यायचा. हे कसं, असं विचाराल तर सांगते. तो नंबर काढणारी मी होते.

थोरले दारं बनवतात, मधले खुर्च्या आणि धाकट्या ताई कपाटं. एकाच छपराखाली तीन विभाग, आणि तिघांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य. रिपोर्टचं सॉफ्टवेअर अख्ख्या कारखान्यात एकाच कॉम्प्युटरवर, आणि तो कॉम्प्युटर माझ्या टेबलाखाली. सीडी हरवलेली, बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, पासवर्ड माझ्या डोक्यात. चालू केला की धापा टाकायचा. पण माझ्याशिवाय कोणाचं ऐकायचा नाही, हा त्याचा मोठा गुण.

सोमवारी मी तीन रिपोर्ट छापायची. थोरल्यांच्या रिपोर्टात तुलना मागच्या महिन्याशी, कारण मागचा महिना दारांना भिकार गेलेला. मधल्यांच्यात मागच्या वर्षाशी. ताईंचं कशातच जमेना, तेव्हा त्यांना ‘आरशाच्या मालात’ पहिलं आणायचं. कारखान्यात आरसे लावणाऱ्या त्या एकट्याच. आकडे सगळे खरे हं! खोटा आकडा मी जन्मात लिहिला नाही. बुटक्याशेजारी उभं केलं की कोणीही उंच दिसतो, फक्त बुटका शोधता आला पाहिजे. तिघं आपापला कागद घडी घालून खिशात ठेवायचे, दुसऱ्याकडे कीव केल्यासारखं बघायचे आणि आठवडाभर गुण्यागोविंदाने नांदायचे.

आणखी एक नियम होता. एकदा थोरले हळूच येऊन म्हणाले, “बाई, ह्या सोमवारी मधल्याला जरा जास्तच खूश करा.” केलं. मधल्यांचं पान वरपासून खालपर्यंत हिरवंगार, म्हणजे सगळे आकडे चढते. मंगळवारी थोरल्यांनी त्यांचा रंगकामाचा अख्खा विभाग बंद केला, आणि गडी इतका खुशीत की सही करून मोकळा! तेव्हापासून मी ठरवलंच. ज्याला धक्का द्यायचा, त्याचं पान आधी हिरवं करायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ताई कुठलंसं व्याख्यान ऐकून आल्या आणि म्हणाल्या, “आता रिपोर्ट वेबवर न्यायचे.” पाठोपाठ एक सल्लागार आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट, गुळगुळीत बोलणं. पहिल्याच दिवशी आम्ही त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं.

“मॅडम,” तो मला म्हणाला, “आता कोणीही, कुठूनही, कधीही रिपोर्ट बघू शकेल.”

“अहो, तेच तर नकोय!” मी म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं विनोद केला.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, “मग तुझं काय गं?”

“माझं काय म्हणजे?”

“रिपोर्ट जर आपोआप निघणार, तर तुला कशाला ठेवतील?”

मी भांडी जरा जोरात आपटली, पण प्रश्न पोटात जाऊन बसला. मला दुसरं काय येतं? या वयात कोणाची दारं ठोठावू? आणि खरं सांगायचं तर मला माझी खुर्ची आवडायची. मालक माझ्या टेबलाशी येऊन ताटकळतात, हे किती जणींच्या नशिबी असतं? काहीही झालं तरी ही नोकरी टिकवायची, असं मी मनाशी पक्कं केलं.

पहिल्या सोमवारी मीटिंगच्या खोलीत भिंतीवर हा एवढा मोठा पडदा. एकच पान, तिघांसाठी. खुर्च्या पहिल्या, कपाटं दुसरी, दारं तिसरी. तीही लालभडक.

“हे यंत्र बिघडलंय,” थोरले म्हणाले.

“आत्ताच कुठे सुधारलंय,” मधले म्हणाले.

“म्हणजे मी कधीच पहिली नव्हते?” ताईंचा आवाज चढला. मग जे पेटलं ते काय सांगू! थोरल्यांनी मधल्यांचं शाळेतलं नापास होणं काढलं. मधल्यांनी ताईंचं लग्न काढलं. ताईंनी वेगळं व्हायची भाषा काढली. आणि सगळं काढून झाल्यावर तिघांनी माझ्याकडे बघितलं.

माझी बोबडी वळायची वेळ आली होती, पण तोंड चाललं. “साहेब, यंत्र नवीन आहे. त्याला अजून आपल्या घरची रीत माहीत नाही. मी शिकवते.”

गुळगुळीतला बाहेर व्हरांड्यात गाठला. “प्रत्येकजण आपल्या नावाने आत शिरणार ना? मग प्रत्येकाला वेगळं पान दाखवता येईल?”

त्याचे डोळे चमकले. “पर्सनलाइज्ड व्ह्यू! मॅडम, काय कल्पना आहे!”

कल्पना कसली, माझा रोजचा धंदा होता तो. पण कौतुक ऐकलं की माझी जीभ सुटते, हा माझ्या जन्माचा रोग. त्याच्याशेजारी बसून मी सगळं ओतलं. कोणाशेजारी कोणाला उभं करायचं, बुटका कसा शोधायचा, तुलना मागच्या महिन्याशी कधी आणि मागच्या वर्षाशी कधी. धक्क्याआधी पान हिरवं करायचा नियमसुद्धा सांगितला. तो माना डोलावत टाइप करत होता. मला वाटलं, वा, आता हे माझ्यावाचून एक पाऊल टाकू शकणार नाहीत.

पुढच्या सोमवारी पडदा बंद ठेवला आणि तिघांनी आपापले फोन उघडले. तिघं पहिले. थोरल्यांनी गुळगुळीतला चक्क मिठी मारली. “तंत्रज्ञान म्हणजे काय, ते आज कळलं!” म्हणाले. मधल्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव कोणी काढलं नाही, पण मी मनाला लावून घेतलं नाही. नोकरी वाचली होती. माझा धापा टाकणारा कॉम्प्युटर दोन हमालांनी उचलून नेला, तेव्हा जरा भरून आलं, तेवढंच.

त्यानंतर पानं आपली आपणच हिरवी व्हायला लागली. कोणाला काही विचारायचंच नसायचं. माझ्या टेबलाशी ताटकळणारं कोणी उरलं नाही. मी टेबलावरची फुलदाणी पुसायची, पुन्हा पुसायची.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी फोनवर निरोप आला, ‘तुमचं पान तयार आहे.’ माझं? मला कधी पान नव्हतं. घरी सोफ्यावर बसून उघडलं. नवरा खांद्यावरून डोकावत होता.

वरपासून खालपर्यंत हिरवंगार. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, ‘रिपोर्ट विभाग. पहिला क्रमांक.’ खाली, ‘तुलना: एकच माणूस असलेले विभाग.’

कारखान्यात एकच माणूस असलेला विभाग एकच आहे.

“अगं, पहिला नंबर!” नवरा हरखून गेला. “म्हटलं नव्हतं, तुझ्याशिवाय तिथलं पान हलत नाही म्हणून!”

मी पान खाली सरकवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तळाशी बारीक अक्षरांत हे पान मंजूर करणाऱ्यांची नावं होती. थोरले, मधले, ताई. त्या तिघांचं एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

आणि काय सांगू, काम चोख होतं. बुटका अगदी बरोबर शोधला होता.

“रडतेस काय वेडे? आनंदाची गोष्ट आहे,” नवरा म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “ती माळ्यावरची मोठी पिशवी काढून ठेवा. सोमवारी टेबलाचे खण रिकामे करून आणायचेत.”