सत्तरच्या आत

घाटकोपरला भटवाडीत एका दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या माळ्यावर, जुन्या पातेल्यांच्या मागे एक वजनकाटा ठेवलेला आहे. मित्रांनो, तो मीच. माझ्यावर आता कुणी उभं राहत नाही. धूळ बसते, तेवढाच काय तो भार. पण एके काळी या घराची सगळी आशा माझ्यावर पाय देऊन उभी होती. त्या दिवसांबद्दल तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म वसईकडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, पोटात एक स्प्रिंग, वर रबराची खरखरीत चटई आणि काचेखाली लाल सुई. बाजूला एक छोटं दातेरी चाकही आहे. माझ्यावर कुणी नसताना सुई शून्यावर आणण्यासाठी ते फिरवायचं असतं. हे चाक लक्षात ठेवा.

मला घरी आणलं ऋतिकाने. कॉलेज संपवून ती नुकतीच नोकरीला लागली होती. "आई, सगळे मिळून बारीक होऊ या," असं म्हणत तिने मला न्हाणीघरात ठेवलं. पहिले काही दिवस मजेत गेले. तिचे वडील दशरथ बस डेपोत मेकॅनिक होते. ते माझ्यावर उभे राहून पोट आत ओढायचे, आणि आई रुक्मिणीबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मग सगळे मला विसरले. माझ्यावर साबणाच्या चुऱ्याचा डबा येऊन बसला.

तो डबा एके दिवशी अचानक उचलला गेला. रुक्मिणीबाईंच्या धाकट्या भावाच्या, नितेशच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तो बायकोबरोबर मुलुंडला राहायचा. मूलबाळ नव्हतं. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला जावं लागे. रुक्मिणीबाईंनी त्याला लहानपणी कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्यांचा रक्तगट जुळला, तेव्हा घरात कुणाला विचारायच्या आधीच त्या डॉक्टरांना हो म्हणून आल्या होत्या.

डॉक्टरांनी एकच अट घातली. रुक्मिणीबाईंचं वजन ब्याऐंशी किलो होतं. ते सत्तरच्या आत आलं, की पुढच्या तपासण्या सुरू करायच्या. एवढ्या वजनावर ऑपरेशन करून त्यांचा जीव धोक्यात घालायला ते तयार नव्हते.

"बारा किलो म्हणजे काय गं," रुक्मिणीबाई ऋतिकाला म्हणाल्या. "तांदळाची एक गोण उतरवायची."

त्या दिवसापासून त्या रोज सकाळी अंघोळीआधी माझ्यावर उभ्या राहू लागल्या. भात सुटला. गोड सुटलं. गणपतीत स्वतःच्या हातांनी उकडीचे मोदक केले आणि एकही तोंडात टाकला नाही. चालून गुडघे सुजायचे, तर स्वयंपाक आवरून गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायच्या. रविवारी मात्र मुलुंडला जायच्याच. बहीणभाऊ पत्ते खेळायचे. नितेश म्हणायचा, "ताई, तू अजून पानं लपवतेस," आणि त्या घरी येऊन हे सांगताना पुन्हा हसायच्या.

मित्रांनो, माझी सुई खाली येत होती आणि मला अभिमान वाटत होता. पण मला ठेवलं होतं कुठे? न्हाणीघरातली फरशी पाणी जावं म्हणून एका बाजूला उतरती असते. तिथे माझे चारही पाय नीट टेकत नव्हते. माणसाचा सगळा भार माझ्यापर्यंत पोचतच नव्हता. मी चार किलो कमी दाखवत होतो. ते कुणाला कळलं नाही, आणि मला तोंड नाही.

एका सकाळी सुई सत्तरच्या जरा मागे थांबली. रुक्मिणीबाई खाली उतरल्या, पुन्हा चढल्या, मग ऋतिकाला हाक मारली. दोघींनी वाकून माझ्या काचेत पाहिलं. दशरथांनी त्याच वेळी नितेशला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी नितेशबरोबर हॉस्पिटलात गेल्या; दशरथ डेपोत कामावर होते. तिथे काय झालं ते मी संध्याकाळी ऐकलं. या घरात एका कोपऱ्यात बोललेलं सगळीकडे ऐकू येतं.

"मामाने नवा शर्ट घातला होता, पप्पा," ऋतिका सांगत होती. "नर्सने आईला काट्यावर उभं केलं. चौऱ्याहत्तर. नर्स म्हणाली, ताई, अजून बरंच आहे, उगाच कशाला धावपळ केलीत. मामाने आईची पिशवी हातात घेतली आणि म्हणाला, चल, चहा पिऊ."

रुक्मिणीबाई पाटावर बसून होत्या. "त्याच्यासमोर माझा आकडा वाचला," त्या म्हणाल्या. "त्याचं तोंड बघितलंस ना? आता पुरतं उतरल्याशिवाय मी मुलुंडला पाय ठेवणार नाही. दुसऱ्यांदा नाही असं करायचं त्याला."

"अगं, असं काय करतेस," दशरथ म्हणाले. "तो काय तुझ्यावर रागावलाय?"

"तो कशाला रागावेल? मीच काय तोंड घेऊन जाऊ?"

त्याच संध्याकाळी ऋतिका माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझं चाक फिरवलं. सुई शून्यावरून पुढे नेऊन तिने चारवर ठेवली. मग आईला उभं केलं. मी चौऱ्याहत्तर दाखवले. "बघ," ती म्हणाली, "आता हा हॉस्पिटलसारखंच दाखवतो. आता फसवणार नाही." पोरीची अक्कल चांगली होती. त्या फरशीवर ते अगदी बरोबर होतं.

पण काही दिवसांनी रुक्मिणीबाई ओल्या लादीवरून उतरताना घसरल्या. हात टेकला म्हणून वाचल्या, पण पाय मुरगळला आणि महिनाभर त्या माझ्यावर उभ्या राहिल्या नाहीत. दशरथ घाबरले. "तू पडलीस तर नितेशला कोण देणार?" असं म्हणून त्यांनी मला उचललं, पुसलं आणि स्वयंपाकघरात कपाटाशेजारी कोरड्या, सपाट जमिनीवर ठेवलं. त्यात माया होती, दुसरं काही नव्हतं.

आता माझे चारही पाय टेकले होते. आता सगळा भार माझ्यापर्यंत येत होता. आणि माझी सुई मात्र चारपासूनच सुरू होत होती. रिकामा असताना ती चारवर उभी असलेली सगळ्यांना दिसायची. पण ती मुद्दाम तशी ठेवली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून चाक मागे फिरवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

रुक्मिणीबाई झिजत होत्या. ब्लाउज सैल झाले, त्यांना टाके घातले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायच्या. महिन्याने त्या पुन्हा माझ्यावर उभ्या राहिल्या, तर मी पूर्वीचाच आकडा दाखवला, चौऱ्याहत्तर. मग त्र्याहत्तर. मग पुन्हा त्र्याहत्तर.

"एवढं करून काही उतरत नाही," त्या एकदा माझ्याकडे बघत म्हणाल्या. त्यांनी रात्रीची भाकरीही सोडली.

रविवारी आता त्या घरीच असायच्या. नितेशचा फोन आला तर भाजी निवडत दोन वाक्यं बोलायच्या. "येते रे. थोडं राहिलंय. जेवलास का?" आणि फोन ठेवून बराच वेळ हातातली गवार तशीच धरून बसायच्या.

"आई, एकदा हॉस्पिटलात जाऊन वजन करून येऊ ना," ऋतिका म्हणायची.

"हा अडुसष्ट दाखवू दे. मग जाऊ. मला यावेळी खात्री पाहिजे."

मी बहात्तर दाखवत होतो, तेव्हा मुलुंडहून नितेशच्या बायकोचा, शुभाचा फोन आला. डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात गेले होते. नितेशला अतिदक्षता विभागात हलवलं होतं. घरातले सगळे जसे होते तसे निघाले. गॅसवरची डाळ शेजारणीने येऊन बंद केली.

रुक्मिणीबाईंनी तिथे डॉक्टरांचा हात धरला, असं ऋतिकाने पुढे शेजारणीला सांगितलं. "डॉक्टर, जरा जास्त आहे वजन, पण आत्ताच घ्या माझी किडनी." डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि काट्यावर उभं केलं. अडुसष्ट. त्या कधीच सत्तरच्या आत आल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "अहो, मग इतके दिवस आला का नाहीत?" पण तेव्हा ते विचारून उपयोग नव्हता. आधी ताप उतरायला हवा होता. तो उतरला नाही. तिसऱ्या दिवशी नितेश गेला.

दिवसकार्य झाल्यावर शुभा भटवाडीला आली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. मी तिथेच कपाटाशेजारी होतो. रुक्मिणीबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी तयार होते गं, शुभा. ह्याने सांगितलंच नाही."

शुभा मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, किडनीचं आम्ही धरून बसलोच नव्हतो. मिळाली तर मिळाली. पण ते दर रविवारी विचारायचे, ताई का येत नाही? मी सांगायचे, वजन उतरलं की येणार आहेत. तर म्हणायचे, माझ्याकडे यायला वजन कशाला उतरवायला पाहिजे? पत्ते काढून ठेवायचे. संध्याकाळी मीच उचलायचे."

रुक्मिणीबाई रडल्या नाहीत. त्यांनी शुभाचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

ऋतिका मला भंगारात द्यायला निघाली होती. आईने तिला अडवलं. दशरथांनी मला माळ्यावर टाकलं. मी वरून बघतो. रुक्मिणीबाई आता दर रविवारी डबा भरून शुभाकडे मुलुंडला जातात. भात पुन्हा खायला लागल्या आहेत, पण थोडाच.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला सपाट, कोरड्या जागी ठेवा. त्याची जागा बदललीत तर सुई शून्यावर आहे ना, हे वाकून बघा. आम्हाला ठेवाल तिथून दिसतं तेवढंच आम्ही सांगतो. एवढी काळजी घेतलीत तरी आम्ही तुमच्या कामाला येऊ.

पण आणखी एक मागणं आहे, आणि ते काट्यांसाठी नाही. तुमचं कुणी आजारी असेल, आणि तुम्हाला वाटत असेल की आधी अमुक जमू दे, तमुक होऊ दे, मग तोंड दाखवायला जाईन, तर थांबू नका. रिकाम्या हाताने जावं लागलं तरी चालेल. चपला घाला आणि निघा.